मूळ पुरुषाचा शोध : आपल्या कुळाची वंशावळ कशी शोधावी आणि कशासाठी?

(मृतांच्या महिन्यानिमित्त अभ्यासलेख)



नोव्हेंबर महिना लागला की मृतांसाठी मिस्सा सांगण्याकरिता आपण नावांच्या चिठ्ठ्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून देता. या चिठ्ठ्यांची रचना बहुतेक सारखीच असते. सुरुवातीला आईवडील, मग आजी-आजोबा, क्वचित एखादा पणजा आणि शेवटच्या ओळीत ‘तसेच आमच्या घराण्यातील सर्व मृत पूर्वज’. त्या शेवटच्या ओळीत शेकडो माणसे दाटीवाटीने उभी असतात, पण त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते.

अलीकडे मात्र हे नाव जाणून घेण्याची इच्छा वाढली आहे. कॅनडात किंवा आखाती देशात नोकरी करणारा नातू आजीला फोन करून विचारतो, आपण मूळचे कुठले? शाळेत मुलांना वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. जमिनीच्या वारसाचा प्रश्न निघाला की खापरपणज्याचे नाव शोधावे लागते. आमच्या कार्यालयात अशा चौकशा घेऊन अनेक जण येतात. म्हणून या महिन्यात हा विषय थोडा शिस्तीने मांडावा असे आम्हाला वाटले. शोध कोठून सुरू करावा, कोणते कागद पाहावेत, त्यांत कोणते खाचखळगे असतात आणि मुख्य म्हणजे हा सारा खटाटोप कशासाठी करावा, हे आपण क्रमाने पाहू या.

१. मत्तयची वाट आणि लूकची वाट

शुभवर्तमानांत प्रभू येशूच्या दोन वंशावळी आहेत. मत्तय (अध्याय १) अब्राहामापासून सुरू करतो आणि पिढ्यांच्या पायऱ्या उतरत येशूपर्यंत येतो. लूक (अध्याय ३) नेमका उलटा जातो. तो येशूपासून सुरू करतो आणि मागे मागे जात आदामापर्यंत पोहोचतो.

ईशज्ञानाच्या दृष्टीने दोन्हींना आपापला अर्थ आहे. पण ज्याला घराण्याचा शोध घ्यायचा आहे त्याने लूकची वाट धरावी. आपल्याकडे बहुतेक जण मत्तयच्या वाटेने जाऊ पाहतात. आधी एखादा मोठा मूळ पुरुष मनाशी ठरवतात, कुणी शिलाहारांच्या दरबारातला, कुणी किल्ल्यातला पोर्तुगीज अधिकारी, आणि मग त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढू लागतात. मधल्या पिढ्या सापडल्या नाहीत तर कल्पनेने भरतात. अशी वंशावळ दिसायला छान दिसते, पण ती खरी नसते.

नियम साधा आहे. ज्याची खात्री आहे तेथून सुरुवात करा, म्हणजे स्वतःपासून. एका वेळी एकच पिढी मागे जा. एका पिढीचा पुरावा हाती आल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. तत्त्वज्ञानात आम्हाला शिकवले जाई की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. येथेही तोच नियम लागू आहे.

२. पहिला ग्रंथ : घरातील वडीलधारी माणसे

कुठल्याही वहीपेक्षा आजी अधिक मोलाची आहे. वह्या आणखी वीस वर्षांनी पाहता येतील, आजीला मात्र तेव्हा विचारता येणार नाही. म्हणून पहिला आठवडा तिला द्या. तिच्याजवळ बसा, घाई करू नका, आणि पुढील गोष्टी लिहून घ्या :

• प्रत्येकाचे घरात हाक मारायचे नाव आणि चर्चमधले नाव. पास्कू, इनास, बस्त्याव, अंतोन म्हणून गावभर ओळखला गेलेला माणूस वहीत पास्कालिस, इग्नातियुस, सेबास्तियानुस, अंतोनियुस असा लिहिलेला असतो.
• आडनावाव्यतिरिक्त घराला असलेले नाव किंवा टोपणनाव. एकाच वाडीत एकाच आडनावाची दहा घरे असतात. त्यांना वेगळे करणारी खूण लोकांच्या तोंडी असते, कागदावर नसते.
• प्रत्येक स्त्रीचे माहेर, म्हणजे गाव, वाडी आणि वडिलांचे नाव.
• कोण कोठून येऊन स्थायिक झाले, कोण कामासाठी बाहेर गेले आणि परतलेच नाही.
• कोणती बावखल कोणी खणली, कोणता रहाट कोणाचा होता, कोणती वाडी कोणी लावली.

शेवटचा प्रश्न काहींना अनावश्यक वाटेल, पण आपल्या वसईत तो महत्त्वाचा आहे. आपले पूर्वज राजेरजवाडे नव्हते. त्यांनी बावखली खणल्या, केळी आणि पानवेली लावल्या, मासे मारले, भाजीचे भारे डोक्यावर वाहिले. त्यांच्या हातची खूण दगडी शिलालेखांपेक्षा पाण्यात आणि मातीत अधिक आहे. एखादी बावखल भराव टाकून बुजवली गेली की एका घराण्याचा एक दाखलाही पुसला जातो.

घरातच आणखी पुष्कळ सामग्री असते. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, मृतांच्या स्मरणार्थ छापलेली कार्डे, लग्नाच्या पत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जुनी खरेदीखते, फोटोच्या मागे मारलेला स्टुडिओचा शिक्का, हे सारे गोळा करा. वाडीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाच्या चौथऱ्यावर कधी कधी साल आणि तो उभारणाऱ्याचे नाव कोरलेले असते, तेही उतरवून घ्या. दफनभूमीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. जागेच्या टंचाईमुळे आपल्याकडे एकाच कबरीत पुन्हा पुन्हा दफन होत आले आहे. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा दगड सापडणे कठीण असते.

३. चर्चमधील वह्या : त्या आल्या कोठून?

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली असे ठरवले की प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी, तसेच स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावे लिहून ठेवावीत. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच वह्या सांगितल्या गेल्या. स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू या चार, आणि पाचवी धर्मग्रामातील कुटुंबांची. आजच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही (कलम ५३५) या वह्या नीट ठेवण्याची आणि जुन्या वह्यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली आहे.

आता आपल्या भूमीचा इतिहास या पार्श्वभूमीवर ठेवून पाहा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला. मधल्या दोनशे पाच वर्षांत येथील बहुतेक जुनी चर्च उभी राहिली. १७३९ नंतर युरोपीय धर्मगुरू निघून गेले, किल्ल्यातील मठ ओस पडले. मागे राहिलेल्या थोड्या धर्मगुरूंनी आणि भाविकांनी श्रद्धा टिकवली, पण कागदपत्रांचे मोठे नुकसान झाले. त्यात खाऱ्या हवेची आणि वाळवीची भर पडली. म्हणून आजपासून थेट सोळाव्या शतकापर्यंत सलग नोंदी मिळतील अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. पाच-सहा पिढ्या पुराव्यानिशी सापडल्या तरी आपण नशीबवान आहोत असे समजावे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. आपली धर्मग्रामे आज ज्या धर्मप्रांतात आहेत, त्यातच ती पूर्वीपासून नव्हती. १८८६ पूर्वी ती गोव्याच्या धर्माधिकाराखाली होती. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत झाला, १९२८ मध्ये तो मुंबईत विलीन झाला आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे लग्नासाठी वरून मिळालेली एखादी जुनी परवानगी शोधायची असेल, तर साल पाहून कोणत्या धर्मप्रांताकडे चौकशी करायची हे ठरवावे लागते.

४. वही वाचायची कशी?

जुन्या पानांची भाषा कुठे पोर्तुगीज, कुठे लॅटिन, तर अलीकडे इंग्रजी आणि मराठी असते. घाबरण्याचे कारण नाही. नोंदी ठरावीक साच्याच्या असतात आणि पंधरा-वीस शब्द कळले की बरेच काम भागते. पोर्तुगीज नोंदीत ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ म्हणजे मुलगी, ‘पाद्रिन्यु’ आणि ‘माद्रिन्या’ म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, ‘लाव्राडोर’ म्हणजे शेतकरी, ‘पेश्काडोर’ म्हणजे मच्छीमार. लॅटिन नोंदीत ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘ओबीत’ म्हणजे मरण पावला, ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरलेला, ‘विदुआ’ म्हणजे विधवा.

काही खाचखळगे मात्र नवख्याला हमखास फसवतात.

महिन्याचा आकडा : जुन्या नोंदीत महिन्याच्या जागी ७ हा आकडा आणि त्यापुढे दोन-तीन रोमन अक्षरे दिसली, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर हा सातवा. ‘सप्टेम’ म्हणजे लॅटिनमध्ये सातच. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचे चिन्ह म्हणजे डिसेंबर.

एकच नाव : अनेक घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. चार भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला वडिलांचे नाव दिले तर एकाच वाडीत, एकाच वयाचे, एकाच नावाआडनावाचे चार चुलतभाऊ तयार होतात. अशा वेळी आईचे नाव आणि धर्मपित्याचे नाव पाहिल्याशिवाय आपला माणूस कोणता हे ठरवू नये. शिवाय पहिले मूल दगावले तर तेच नाव पुढच्या मुलाला ठेवत. म्हणून मृत्यूची वहीही पाहावी.

आडनाव : आपली पोर्तुगीज आडनावे रक्ताची साक्ष देत नाहीत. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेतले जाई असे जाणकार सांगतात. तेव्हा दोन डिमेलो घरे भाऊबंद असतीलच असे नाही, आणि डिमेलो आडनावावरून कोणाचा पूर्वज लिस्बनहून आला होता असेही म्हणता येत नाही. शिवाय एकच आडनाव लोपीस, लोपेस, लोप्स असे लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलते.

समासातील टीप : पोप दहावे पायस यांच्या काळात १९०७ साली निघालेल्या आणि १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या आज्ञेने असा नियम झाला की एखाद्याचा विवाह झाला की त्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीही करावी. शोध घेणाऱ्याला हे मोठेच वरदान आहे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामात गेली तरी तिच्या जन्मगावच्या वहीत, समासात, नवऱ्याचे नाव आणि चर्चचे नाव सापडू शकते. पान वाचताना नजर कडेलाही फिरवा.

नात्यातील विवाहाची सूट : जवळच्या नात्यात लग्न करायचे तर चर्चची सूट घ्यावी लागे, आणि ती विवाहाच्या नोंदीत लिहिली जाई. १९१७ च्या धर्मसंहितेपूर्वी खापरपणजा समान असला तरी ती लागत असे, त्यानंतर पणजा समान असेपर्यंत आणि १९८३ पासून आजोबा समान असेपर्यंत. जुन्या नोंदीत अशी सूट दिसली, तर वर आणि वधू या दोघांची घराणी तीन-चार पिढ्या मागे कोठेतरी एकत्र येतात हे नक्की समजावे. एका ओळीने दोन वंशवृक्ष जोडले जातात.

मृत्यूची वही वाचताना मनाची तयारी ठेवा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या वर्षांच्या पानांवर एकाच घरातील नावे काही दिवसांच्या अंतराने एकाखाली एक आली, तर ती केवळ माहिती म्हणून पुढे ढकलू नका. क्षणभर थांबा. त्या घरात जी एक-दोन मुले वाचली, त्यांच्यामुळे कदाचित आज आपण आहोत.

५. सरकारी कागद

चर्चची वही माणसाचा जन्म-मृत्यू सांगते, तर सरकारी कागद त्याची जमीन आणि वारस सांगतो. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावेत.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली. सातबारा सर्वांना माहीत आहे, पण वंशावळीसाठी फेरफाराच्या जुन्या नोंदी आणि गाव नमुना ६ क, म्हणजे वारसांची नोंदवही, अधिक उपयोगी. खातेदार मयत झाल्यावर त्याचे वारस कोण, हे तेथे लिहिलेले असते. ज्यांचे पूर्वज दुसऱ्याची जमीन कसत होते त्यांनी १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या सुमाराचे फेरफार पाहावेत. पिढ्यानपिढ्या कागदावर नसलेली नावे तेव्हा प्रथमच मालक म्हणून लागली. गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, जुन्या जन्ममृत्यूंच्या नोंदी असतात.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीच्या सर्व कागदांवर ठाणे जिल्हा असणार हे ध्यानात ठेवावे. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संगणकीय सेवेत काही जिल्ह्यांची जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवली आहेत, म्हणून तहसील कार्यालयात खेटे घालण्यापूर्वी घरातील तरुण मुलांना तेथे शोध घ्यायला सांगा. जुने दप्तर मोडी लिपीत असते. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आपल्या धर्मग्रामातील दोन-चार तरुणांनी मोडी शिकून घेतली, तर ती मोठीच सेवा होईल.

त्याहीपलीकडे पुण्याचे पेशवे दप्तर आणि १५९५ साली स्थापन झालेला गोव्याचा पुराभिलेख संग्रह आहे. १५५४ साली सिमाँव बोतेल्यु याने केलेल्या महसुली नोंदीत वसई प्रदेशातील गावांची माहिती मिळते. पण तेथे गाव भेटेल, आपला पणजा भेटण्याची आशा थोडी. हे काम अभ्यासकांचे आहे. सामान्य कुटुंबाला घर, चर्च आणि तलाठी कार्यालय ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जुने दाखले मिळतील का, असेही काही जण विचारतात. गोवा, दमण आणि दीव १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होते. वसई त्यांच्या हातून १७३९ मध्येच गेली. तेव्हा केवळ वसईच्या जुन्या दाखल्यावर ती आशा धरून कोणा दलालाला पैसे देऊ नका.

६. कागदावर नसलेली माणसे

शोध थोडा पुढे गेला की एक गोष्ट टोचू लागते. पुरुषांची नावे मिळतात, स्त्रियांची मिळत नाहीत, किंवा नुसते ‘मारी’ एवढेच मिळते, वडिलांचे नाव नाही, माहेर नाही. जमिनीच्या कागदात तर आणखी वेगळे चित्र दिसते. वडील वारल्यावर मुलीचे नाव वारस म्हणून लागते आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राने ते कमी होते. अनेक घरांत आजीची किंवा आत्याची सरकारी कागदावरची एकमेव खूण म्हणजे तिने आपला वाटा सोडल्याची सही किंवा अंगठा. वंशावळ काढताना हा अंगठा आपल्यासमोर आला तर त्याकडे नीट पाहावे.

आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच उदाहरण घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. त्यांचे वडील पोर्तुगीज होते. आणि आई? चरित्रांत ती ‘वसईची एक स्थानिक स्त्री’ एवढीच भेटते. ज्या मातेने या संताला जन्म दिला, तिला इतिहासाने नावाने हाक मारलेली नाही. मग आपल्या पणजीचे नाव सापडले नाही तर नवल नाही. परंतु जेथे ते अजून सापडू शकते, आजीच्या आठवणीत, वहीच्या समासात, तेथून ते उचलून लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

मत्तयने हेच केले. त्या काळच्या वंशावळीत स्त्रियांची नावे सहसा येत नसत. त्याने तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांना जागा दिली. त्यांत परकी स्त्री आहे, बदनाम ठरलेली आहे, अन्याय सोसलेलीही आहे. प्रभूच्या वंशावळीतून त्यांना कोणी झाकून ठेवले नाही.

आपल्या शोधातही अशा गोष्टी निघतील. कुठे वडिलांच्या नावाची जागा रिकामी असेल, कुठे मूल दत्तक असेल, कुठे लग्न आणि पहिले बाळ यांतील अंतर बोलके असेल. पाहणाऱ्याने न्यायाधीश होऊ नये. ती माणसे आता देवाच्या हाती आहेत आणि त्यांची नातवंडे आपल्या शेजारच्या बाकावर बसतात.

याच कारणासाठी जुन्या वह्या कोणालाही चाळायला दिल्या जात नाहीत, हे समजून घ्यावे. एका पानावर तुमच्या पणज्याबरोबर आणखी सात घरांची गुपिते असतात. ५ एप्रिल २००८ रोजी रोमहून धर्मगुरूविषयक मंडळाने जगभरातील महागुरूंना पत्र पाठवून एका अमेरिकन वंशावळ संस्थेला चर्चच्या वह्यांचे चित्रण करू देऊ नये असे कळवले. मृतांच्या नावे मागाहून बाप्तिस्मा देण्याची त्या संस्थेमागील पंथाची प्रथा आहे आणि ती आपल्या श्रद्धेला धरून नाही. यात कोणाचा द्वेष नाही. पूर्वजांनी विश्वासाने चर्चच्या हाती दिलेली नावे जपून ठेवायची आहेत, एवढेच.

७. हा शोध कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वंशावळ दुधारी आहे. बाबिलोनहून परतलेल्या लोकांत काही याजक घराण्यांना आपली वंशनोंद दाखवता आली नाही, म्हणून त्यांना सेवेतून दूर ठेवले गेले, असे एज्राच्या पुस्तकात (अध्याय २) वाचायला मिळते. नोंदीला माणसाला बाहेर काढण्याची ताकद असते. संत पौल तिमथीला आणि तीताला लिहितो तेव्हा अंतहीन वंशावळींच्या वादापासून दूर राहायला सांगतो, ते उगीच नव्हे.

आपल्यातही हा धोका आहे, आणि तो आडपडदा न ठेवता बोलला पाहिजे. आम्ही मूळचे अमुक, आमचे रक्त वरचे, ते आपल्यातले नव्हेत, असे उद्गार लग्न जुळवताना आजही कानी पडतात. कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी, प्रत्येकाची बोली, पेहराव आणि गाणी जपण्याजोगी आहेत. पण एकाच वेदीवरून एकच भाकर घेणाऱ्यांनी पूर्वजांची यादी कुंपणासाठी वापरावी, हे त्या पूर्वजांनाही आवडणार नाही.

या अभिमानाला साधे गणितही उत्तर देते. प्रत्येकाला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजे-पणज्या आठ. असे दुपटीने मोजत गेलो तर दहाव्या पिढीत १,०२४ जागा होतात. एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर ही दहावी पिढी साधारण वसईच्या १७३९ च्या लढाईच्या आसपासची आहे. म्हणजे ज्या एका मूळ पुरुषाचा आपण अभिमान मिरवतो, तो आपल्या हजारावर पूर्वजांपैकी एक. उरलेले १,०२३ कोण होते? त्यांत शेतकरी असतील, कोळी असतील, दाई, विधवा, अनाथ, कर्जबाजारी, कदाचित एखादा गलबतावरचा खलाशीही असेल. आणि आपल्यासारख्या लहानशा तालुक्यात इतके निरनिराळे पूर्वज प्रत्येकाला कोठून मिळणार? तीच माणसे अनेकांच्या यादीत येतात. म्हणजे ज्यांना आपण परके म्हणतो, त्यांचे आणि आपले पूर्वज कोठेतरी एकच असण्याचा संभव फार मोठा आहे.

आपल्या भारतीय परंपरेत पितृऋण हा शब्द आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्याही नीतिशास्त्रात असा विचार आहे की आईवडिलांचे ऋण पुरतेपणी फेडता येत नाही, माणसाने आपल्या शक्तीनुसार त्यांचा मान राखावा. आमच्या मते वंशावळीचा खरा अर्थ हाच आहे. ती आपल्या मालकीची सनद नसून देण्याची यादी आहे. आपल्याला मिळालेला जीव, जमीन, पाणी, बोली आणि श्रद्धा कोणाकोणाच्या हातून आली, याची ती नोंद आहे. सनद हाती आली की माणूस ताठ होतो. देण्याची यादी वाचली की तो नम्र होतो, आणि ज्याला ती फेडता येत नाही तो निदान प्रार्थना करतो.

म्हणूनच लूकची वंशावळ दावीद राजापाशी थांबत नाही, अब्राहामापाशीही थांबत नाही. ती आदामापर्यंत जाते आणि आदाम देवाचा, असे सांगून संपते. प्रामाणिकपणे मागे चालत गेलेल्या प्रत्येकाला शेवटी तेथेच पोहोचायचे आहे. तेथे वरचे कूळ आणि खालचे कूळ असे काही उरत नाही.

या महिन्यात घरी करण्यासाठी

१. रोजरीच्या प्रार्थनेनंतर एका संध्याकाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला बोलते करा. मुलांनी लिहून घ्यावे. चार पिढ्यांची नावे, स्त्रियांच्या माहेरासह, एका कागदावर काढावीत.
२. जुने फोटो काढून त्यांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. ओळखणारे माणूस आहे तोवरच हे होईल.
३. चर्चच्या नोंदीतील माहिती हवी असल्यास कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. नाव, आईवडिलांचे नाव, अंदाजे साल आणि वाडी लिहावी. नोंद शोधून उतारा दिला जाईल. वहीचे फोटो काढता येणार नाहीत.

छोट्या समूहात चर्चेसाठी

• आपल्या घराण्यात जिचे नाव कोणी घेत नाही अशी कोणती व्यक्ती आहे? का घेत नाहीत?
• आपल्या घरातील लेकींनी सोडलेल्या वाट्याबद्दल आपण कधी कृतज्ञता व्यक्त केली आहे का? काही परत देणे शक्य आहे का?
• लग्न जुळवताना आपण ‘घराणे’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो?

आणि एक विनंती. यंदाच्या चिठ्ठीत ‘सर्व मृत पूर्वज’ ही ओळ अवश्य ठेवा, पण तिच्या आधी शोधून काढलेले निदान एक नवे नाव लिहा. ते स्त्रीचे असले तर अधिक चांगले. वेदीवरून ते नाव आम्ही मोठ्याने वाचू.

प्रभूच्या सेवेत,
आपले प्रमुख धर्मगुरू